बेट पाहिले, माणूस पाहिला का?

थंडीचे दिवस आले की पनवेलच्या बाजारपेठेत, एस.टी. स्थानकाच्या परिसरात, रेल्वे स्टेशनबाहेर सहलींचे फलक लागतात. केरळ, राजस्थान, काश्मीर आणि अलीकडे हमखास अंदमान. आमच्याच वसाहतीतल्या चार-पाच कुटुंबांनी यंदा अंदमानचा बेत आखला. त्यांनी आणलेले पत्रक आम्ही वाचले. निळाशार समुद्र, प्रवाळ, कासवे, घनदाट जंगल, सेल्युलर जेल आणि शेवटी एक ओळ : वाटेत आदिवासी दिसण्याची संधी. ही ओळ आम्हाला टोचली. मगर दिसण्याची संधी, कासव दिसण्याची संधी आणि त्याच रांगेत माणूस दिसण्याची संधी! पत्रक छापणाऱ्याला त्यात काही गैर वाटले नाही. दुःख याचे की, वाचणाऱ्या आमच्या माणसांनाही वाटले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच स्पष्ट करतो, आमचा प्रवासाला विरोध नाही. तथागत बुद्ध पंचेचाळीस वर्षे चारिका करीत राहिले. ज्यांच्या आजोबांना गावाच्या वेशीतून ताठ मानेने जाता येत नव्हते, त्यांची नातवंडे आज विमानाने समुद्र ओलांडतात, याचा आम्हाला आनंदच आहे. हा हक्क कोणी दान दिलेला नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून तिथे गहजब झाला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो या अटीवर की, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक शिपाई सोबत दिला गेला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पर्यटक म्हणून गेलेला माणूस बाटवणारा ठरतो, तेव्हा काय वाटते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच प्रश्न पडतो की, ज्यांच्याकडे शतकानुशतके तुच्छतेने पाहिले गेले, त्यांनी दुसऱ्याकडे कसे पाहावे?

रस्त्याच्या कडेला उभा केलेला माणूस

अंदमानात जारवा नावाची जमात आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० भरली. त्यांच्या जंगलाच्या पोटातून अंदमान ट्रंक रोड हा रस्ता काढला गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जारवा बाहेरच्या माणसाला जवळ येऊ देत नव्हते. ते बाहेर येऊ लागले आणि पाठोपाठ गोवराची साथ आली. मग पर्यटकांच्या गाड्या आल्या. बाराटांगची चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला जायचे हे कागदावरचे कारण. गाडीतल्या माणसाचे डोळे मात्र खिडकीबाहेर जारवांना शोधत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रस्त्याचे जारवांच्या भागातले तुकडे बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता चालूच राहिला. जानेवारी २०१२ मध्ये एक चित्रफीत जगासमोर आली. खाण्याच्या बदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला सांगितले जात होते. साऱ्या देशाची मान खाली गेली. त्यानंतर नियम कडक झाले, समुद्रमार्गे बाराटांगला जाण्याची सोय झाली. तरी हा रस्ता काही कायमचा मिटला नाही.

याच बेटांवर ब्रिटिशांनी १८५८ साली कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंच्या संख्येने होते. १९६१ च्या जनगणनेत ते १९ उरले. एकोणीस! बंदुकीने मारले गेले त्याहून अधिक बाहेरून आलेल्या रोगांनी मारले. त्यांच्यातली 'बो' ही भाषा बोलणारी अखेरची स्त्री बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी वारली. देश प्रजासत्ताक दिन साजरा करीत होता आणि त्याच दिवशी या देशाची एक भाषा कायमची मुकी झाली. किती वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर घेतली असेल?

माणसाला पिंजऱ्यात ठेवून पाहण्याची हौस जुनी आहे. १९०६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या घरात ठेवून लोकांना दाखवले गेले. हजारोंनी गर्दी केली. विरोध केला तो तिथल्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी. पुढे सुटका झाली, पण परत मायदेशी जाणे काही जमले नाही. मार्च १९१६ मध्ये ओटा बेंगाने आत्महत्या केली. त्या वेळी बाबासाहेब त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि दोनच महिन्यांनी, मे १९१६ मध्ये, त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. माणसाची प्रतवारी लावणारा रोग कुठे कातडीच्या रंगावर पोसला जातो, कुठे जन्माच्या जातीवर. मुळात रोग एकच.

या रोगावरचा उतारा बाबासाहेबांच्या राज्यघटनेत आहे. कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशभर कुठेही संचार करण्याचे स्वातंत्र्य दिले. पण त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमात सांगून ठेवले की, अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या स्वातंत्र्यावर वाजवी बंधने घालता येतील. केवढी दूरदृष्टी ही! पर्यटकाची हौस आणि आदिवासीचे जगणे यांत संघर्ष झाला तर आधी कोणाची बाजू घ्यायची, याची सोय घटनेने सुरुवातीलाच करून ठेवली. अंदमानातल्या आदिवासींच्या संरक्षणाचे १९५६ चे विनियम याच भूमिकेतून आले. आमचा माणूस घटना डोक्यावर घेऊन मिरवणूक काढतो, मग पाचवे उपकलम गाडीच्या खिडकीत बसताना विसरून कसे चालेल?

समोरचे बेट

पण अंदमान दूर राहिले. बेट पाहायचे तर पनवेलकराने इतके लांब कशाला जावे? न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर घारापुरीचे बेट दिसते. आमच्या रायगड जिल्ह्यातले, उरण तालुक्यातले. पण त्याची ओळख जगाला मुंबईच्या गेटवेवरून होते आणि तीही एलिफंटा या नावाने. पोर्तुगीजांना बेटावर दगडी हत्ती दिसला, त्यांनी ते नाव ठेवले. तो हत्तीही बेटावर राहिला नाही. १८६४ साली इंग्रज तो उचलून न्यायला निघाले, त्यात तो फुटला. आज तो जोडून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा केलेला आहे. घारापुरीचे नाव गेले आणि ज्यावरून नवे नाव पडले तो हत्तीही गेला.

मागच्या वर्षी आम्ही गावातल्या ओळखीच्या माणसांबरोबर त्यांच्याच होडीने बेटावर गेलो. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे तिथे आहेत. आगरी-कोळी वस्ती. खाजणात खारफुटी, ओहोटीला चिखलात पाय टाकून उभे असलेले बगळे, वर डोंगरात माकडे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी, पुढे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने. पायऱ्यांवर नऊवारी नेसलेल्या काही बायका डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन उभ्या होत्या. आम्हाला वाटले, पाणी घेऊन चालल्यात. पाणी नव्हते. हंडे रिकामे होते. पर्यटकाने फोटो काढायचा आणि पैसे द्यायचे, एवढेच त्यांचे काम.

आम्ही त्यांतल्या एका वृद्ध बाईंजवळ बसलो. म्हणालो, "मावशी, दिवसभर डोक्यावर घेऊन उभ्या राहता, मान दुखत नाही?" त्या हसल्या. म्हणाल्या, "भरलेल्या हंड्यानं मान दुखायची, बाबा. त्याचा फोटो कोणी काढला न्हाय. रिकाम्या हंड्याचं पैसं मिळतात." ज्या बेटावर उन्हाळ्यात पाण्याची ओरड होते, तिथे पाण्याचा रिकामा हंडा हे देखाव्याचे सामान झाले. अंदमानच्या रस्त्यावर नाचायला लावलेली जारवा बाई आणि घारापुरीच्या पायरीवर उभी असलेली ही आगरी-कोळ्यांची मावशी यांत फरक जरूर आहे. मावशी आपल्या मर्जीने उभी आहे, तिला बाजार कळतो, ती भाव करते, नको असेल तर घरी जाते. तिला दोष देण्याचा आम्हाला काडीचाही अधिकार नाही. पण समोरच्या पाहणाऱ्याचा डोळा मात्र तोच आहे. त्याला माणूस नको आहे, चित्र हवे आहे.

या बेटाला युनेस्कोने १९८७ साली जागतिक वारसा ठरवले. जगभरचे पाहुणे येऊ लागले. परंतु गावात वीज कधी आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये! समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चाले आणि मग अंधार. एका बाजूला मुंबईचा झगमगाट, दुसऱ्या बाजूला १९८९ पासून रात्रंदिवस दिव्यांनी उजळलेले न्हावा-शेवा बंदर आणि मधोमध कंदिलावर अभ्यास करणारी पोरे. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे! लेण्यांतला दगड वारसा ठरला, पण त्या दगडाशेजारी जगणारा माणूस कोणाच्याच यादीत नव्हता. शेवटची बोट सुटली की पर्यटक निघून जातो. मुक्कामाला परवानगी नसते. त्यामुळे तो अंधार पाहुण्यांपैकी कोणी कधी पाहिलाच नाही.

दुसरी गोष्ट आमच्या वाचकांच्या खास जिव्हाळ्याची. बहुतेक पर्यटक पश्चिमेच्या टेकडीवरची शैव लेणी पाहून परततात. ती अप्रतिम आहेत, यात वाद नाही. पण पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध लेणी आहेत, विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून या बेटावर वस्ती होती असे पुराणवस्तू सांगतात. रोमन साम्राज्यातून आलेल्या मातीच्या कुंभांचे तुकडे इथल्या किनाऱ्याला सापडले आहेत. म्हणजे जहाजे येत होती, व्यापार होता आणि भिक्खूसंघही होता. आम्ही त्या टेकडीकडे निघालो तेव्हा वाटेत पर्यटक म्हणून कोणी भेटला नाही. गवतात वारा होता, खाली समुद्र होता. आम्ही थोडा वेळ शांत बसलो. आमच्या सोबतच्या गावकऱ्याने सांगितले, "इकडं फार कोणी येत न्हाय, सायेब." आमच्या समाजाच्या सहली कार्ल्याला जातात, कान्हेरीला जातात, अजिंठ्याला जातात. शेजारच्या बेटावरचा हा स्तूप आम्हीच विसरलो असू, तर मुंबईच्या पर्यटकाला काय म्हणून बोल लावायचा?

आपल्या दारातले आदिवासी

आता आणखी जवळ येऊ. थेट पनवेल तालुक्यात. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. सुमारे १२ चौरस किलोमीटरच्या या रानात पावसाळ्यात तिबोटी खंड्या पाहायला दुर्बिणी घेऊन लोक येतात, पहाटे शीळ घालणारा कस्तूर ऐकायला येतात. या, जरूर या. पाखरू पाहून मन निवत असेल तर त्यासारखे सुख नाही. परंतु या डोंगरांच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत, त्या किती जणांनी पाहिल्या? पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात जमिनीवर फडके पसरून शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी विकायला बसलेल्या बायका आपण सगळे पाहतो. दहाची जुडी सातला मागतो. कुठली भाजी कुठल्या पावसात उगवते, कुठली खाजते आणि कशात शिजवली की खाजत नाही, हे सारे शास्त्र त्यांच्या डोक्यात आहे. अंदमानच्या आदिवासींचे ज्ञान ऐकून आपण चकित होतो, आणि इथल्या ज्ञानाला जुडीमागे तीन रुपये कमी देतो!

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारचे झाले आणि कात काढणाऱ्याच्या हातून खैर गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या भट्ट्या. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुटुंबे भट्टीवर जातात. पोरांची शाळा सुटते. उचल घेतलेली फिटत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण उचल नावाची साखळी तुटली नाही. अनेक वाड्यांची घरे ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत ती जमीन त्यांच्या नावावर नाही. जोवर जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी विचारत नव्हते. आता नवी मुंबई आली, विमानतळ आला, भाव आला आणि वाडीभोवती तारेचे कुंपण आले. त्यात रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नाही. त्यामुळे पेसा कायद्याचे जे संरक्षण पालघरच्या आदिवासीला मिळते, ते पनवेलच्या कातकऱ्याला मिळत नाही.

हे लोक कोणाचे उपकार मागत नाहीत. २५ सप्टेंबर १९३० रोजी आजच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. जंगलावर हक्क सांगताना त्यांनी छातीवर गोळी घेतली. वनहक्काचा कायदा यायला २००६ साल उजाडावे लागले. मधली ७६ वर्षे कोणाच्या खाती टाकायची?

आणि इर्शाळवाडी? इर्शाळगडावर चढाई करणारे कितीतरी पनवेलकर आहेत. वाटेत वाडीत थांबायचे, ठाकरांच्या घरची भाकरी खायची, ओसरीवर पाठ टेकायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला आणि ती वाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. मदतीला गेलेल्यांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले, कारण वाडीपर्यंत रस्ता नव्हता. इतकी वर्षे पर्यटक त्या पायवाटेने चढले. 'वाट किती सुंदर' असे म्हणाले. ही वाट सुंदर आहे म्हणजे आजाऱ्याला झोळीतून खाली आणावे लागते, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात आले? आमच्याही आले नव्हते. आम्हीही ती भाकरी खाल्ली आहे. हा कबुलीजबाब आम्ही स्वतःपासून सुरू करतो.

पाहुण्याने काय करावे?

अंदमानात लोकांना प्रदर्शन केले गेले. घारापुरीत लोक असूनही दिसेनासे केले गेले. इर्शाळवाडीत लोक दिसले, पण त्यांच्या भाकरीपलीकडे कोणी काही पाहिले नाही. तिन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने स्वतःला हवे तेवढेच पाहिले. आणि जिथे माणूस दिसत नाही तिथे त्याचे हक्क काढून घेणे सोपे जाते. ग्रेट निकोबार बेटावर मोठे बंदर, विमानतळ आणि नगर वसवण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. तिथल्या गलाथिया उपसागरात चामडी पाठीची महाकाय कासवे अंडी घालायला येतात, म्हणून तिथे अभयारण्य होते. ते २०२१ मध्ये रद्द करण्यात आले. तिथल्या शोंपेन जमातीची संख्या २०११ च्या जनगणनेत अवघी २२९ होती. त्यांना कोण विचारणार? उरण-पनवेलच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी उभे राहिलेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. शोंपेनांच्या बाजूने उभे राहायला मात्र मोर्चा नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. फिरा, भरपूर फिरा. पण जाल तिथे आधी माणसाचे नाव विचारा, मग फोटोचे. तो नको म्हणाला तर कॅमेरा खिशात ठेवा. घारापुरीला गेलात तर गावातल्याच माणसाला वाटाड्या घ्या, पूर्वेच्या टेकडीवर जा, स्तूपापाशी दोन घटका बसा. कर्नाळ्याला गेलात तर पाखरांबरोबर वाडीचीही चौकशी करा. वनहक्काचा दावा दाखल झाला का, घराखालची जमीन नावावर झाली का, पोरे शाळेत जातात का. आमच्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, तहसील कचेरीत काम केलेले निवृत्त कर्मचारी आहेत. एका रविवारच्या सहलीत एका वाडीचे चार अर्ज भरून होतात. आणि शेवळ्याच्या जुडीचे दहा रुपये सांगितले तर दहाच द्या.

राहता राहिली आमच्या वसाहतीतली ती कुटुंबे. पत्रकावरची ती ओळ आम्ही त्यांना पुन्हा वाचून दाखवली. थोडा वाद झाला. एक जण म्हणाले, "आपण एकट्याने न जाऊन काय होणार?" त्यांच्या आठवीतल्या मुलीने विचारले, "पप्पा, आपल्या चाळीत असे कोणी गाडीतून बघायला आले असते तर?" त्यावर कोणी काही बोलले नाही. अंदमानचा बेत रद्द झालेला नाही, व्हायची गरजही नव्हती. समुद्र पाहतील, प्रवाळ पाहतील. जंगलातल्या रस्त्याचा तो दिवस मात्र त्यांनी वगळायला लावला. आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी सर्वांनी मिळून घारापुरीला जायचे ठरले आहे. मावशींना सांगायचे आहे की, हंडा खाली ठेवा आणि आमच्याजवळ बसा, आज आम्ही फोटो काढायला आलेलो नाही.